यादीबाहेरचा लॅपटॉप

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचा आधार थांबवला. जुलै २०१५ मध्ये आलेली ही प्रणाली दहा वर्षे जगभर वापरात होती. तिच्या जागी 'विंडोज ११' घ्यावी, असे कंपनीचे सांगणे आहे. पण नवी प्रणाली बसवायची तर लॅपटॉप कंपनीच्या यादीत असावा लागतो, आणि इथेच आपल्या शाळांचे घोडे अडते.

महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत शाळा 'डिजिटल' करण्याची लाट आली. लोकवर्गणी, कंपन्यांचा सामाजिक निधी आणि पुष्कळदा शिक्षकांच्या स्वतःच्या खिशातले पैसे यांतून शाळांमध्ये लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आले. त्या वर्षांत बाजारात असलेला जवळजवळ कोणताही लॅपटॉप आजच्या यादीत बसत नाही. डहाणू किंवा तलासरी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत असा एकच लॅपटॉप असेल, तर तो बाद झाल्यावर दुसरा कधी येईल हे कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून या लेखात आम्ही तीन गोष्टींचे परीक्षण करणार आहोत. पहिली म्हणजे कंपनीची ही यादी. दुसरी, यादीला बगल देऊन जुन्या यंत्रावर नवी विंडोज चढवण्याची युक्ती. आणि तिसरी, विंडोज सोडून दुसरी प्रणाली वापरण्याचा मार्ग. त्याआधी 'आधार थांबला' म्हणजे नेमके काय झाले, ते पाहू.

आधार थांबतो म्हणजे काय?

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाच्या सुट्या भागांकडून काम करून घेणारा मूळ प्रोग्राम. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर दिसणे, फाइल डिस्कवर साठवली जाणे, प्रोजेक्टरकडे चित्र जाणे, हे सारे तिच्यामार्फत होते. तिच्यात कोट्यवधी ओळींच्या सूचना असतात आणि इतक्या सूचनांत चुका राहतातच. त्यांतल्या काही चुकांमधून परक्या माणसाला आपल्या यंत्रात शिरता येते. अशी चूक सापडली की कंपनी ती बुजवते आणि दुरुस्ती इंटरनेटवरून पाठवते. हाच 'आधार'.

कौलारू शाळेचे उदाहरण घेऊ. दर पावसाळ्यापूर्वी कौले शाकारणारा माणूस एके वर्षी म्हणाला, "यापुढे मी येणार नाही." त्या दिवशी छप्पर कोसळत नाही. पण यानंतर फुटलेले कौल कोणी बदलणार नाही, आणि गळती वर्षागणिक वाढत जाईल. विंडोज १० चे असेच झाले आहे. यंत्र चालतच राहते, मात्र नव्याने सापडलेली भोके उघडी राहतात. जो लॅपटॉप इंटरनेटला कधीच जोडला जात नाही, फक्त चित्रफिती दाखवतो, त्याचा धोका बराच कमी असतो. शाळेची माहिती शासकीय संकेतस्थळावर भरली जाते तो, किंवा ज्यावर बँकेचे काम होते तो लॅपटॉप मात्र उघड्या छपराखाली ठेवू नये.

यादीचे परीक्षण

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिच्या अटी थोडक्यात अशा: ६४-बिटचा, किमान दोन कोअरचा आणि १ गिगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, 'सिक्युअर बूट'ची सोय आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षा चिप. यांखेरीज प्रोसेसर कंपनीने मान्य केलेल्या यादीत हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते.

यांतल्या सुरक्षेच्या अटी निरर्थक नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. टीपीएम म्हणजे गुप्त चाव्या सांभाळणारी एक बंद पेटी. डिस्कवरची माहिती कुलूपबंद केली तर किल्ली या पेटीत राहते, त्यामुळे चोरलेल्या लॅपटॉपची डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी वाचता येत नाही. सिक्युअर बूटमुळे संगणक सुरू होताना पहिला प्रोग्राम खात्रीचा आहे की नाही, याची सही तपासली जाते. दोन्ही सोयी चांगल्या आहेत. आमचा आक्षेप प्रोसेसरच्या यादीला आहे.

इंटेलचा 'आय३-५००५यू' हा प्रोसेसर घ्या. तो २०१५ चा, आणि त्या काळातल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास दिसणारा. दोन कोअर आणि २ गिगाहर्ट्झ वेग. वेगाची अट तो दुपटीने पूर्ण करतो, तरी तो यादीत नाही. उलट २०१९ च्या अखेरीस आलेला 'सेलेरॉन एन४०२०' हा दोन कोअरचा प्रोसेसर यादीत आहे. त्याचा मूळ वेग १.१ गिगाहर्ट्झ असून गरजेपुरता तो २.८ पर्यंत चढतो. निव्वळ गिगाहर्ट्झवरून प्रोसेसरची ताकद ठरत नाही, हे खरे. पण रोजच्या कामात पहिला दुसऱ्याच्या मागे पडत नाही. तेव्हा ताकद कमी म्हणून त्याला वगळले, असे म्हणता येत नाही.

मग सुरक्षा चिप नाही म्हणून वगळले असेल का? तेही सरसकट खरे नाही. २८ जुलै २०१६ पासून विंडोज १० सह विकल्या जाणाऱ्या नव्या संगणकांत टीपीएम २.० असावी, अशी अट खुद्द मायक्रोसॉफ्टनेच घातली होती. म्हणजे २०१६-१७ च्या सहाव्या-सातव्या पिढीच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये ती चिप आहे, सिक्युअर बूटही आहे. तरीही ते बाहेर. सातव्या पिढीतल्या थोड्या प्रोसेसरांना ऑगस्ट २०२१ मध्ये सवलत मिळाली. त्यांत 'आय७-७८२०एचक्यू' हा एक होता, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या 'सरफेस स्टुडिओ २' या महागड्या संगणकात तोच प्रोसेसर होता. परीक्षेची गुणमर्यादा घरच्या विद्यार्थ्यापाशी येऊन सैल व्हावी, तसे हे दिसते.

कंपनीने त्याच महिन्यात विश्वासार्हतेचे आकडेही दिले. अटी पूर्ण करणाऱ्या यंत्रांचा अनुभव ९९.८ टक्के बिघाडमुक्त होता. अटी पूर्ण न करणाऱ्यांमध्ये प्रणालीच्या गाभ्यातले बिघाड ५२ टक्क्यांनी जास्त होते. ५२ टक्के हा आकडा ऐकूनच माणूस दचकतो. पण गणिताच्या शिक्षकाने इथे एक प्रश्न विचारायला हवा: कशाच्या ५२ टक्के? दोन्ही आकड्यांचे मोजमाप एकच आहे असे क्षणभर धरू. चांगल्या यंत्रांत बिघाडाचे प्रमाण ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन. त्यात ५२ टक्के वाढ म्हणजे सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. वाढ आहे, पण तेवढ्यासाठी लॅपटॉप फेकून द्यावा अशी ती नाही. आठवी-नववीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

मर्यादा आणि अट यांतला फरक

याचा अर्थ कोणत्याही यंत्रावर कोणतीही प्रणाली चालेल, असा मात्र नाही. काही ठिकाणी अडथळा खरोखर धातू-सिलिकॉनचा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या '२४एच२' या आवृत्तीला प्रोसेसरमध्ये 'पॉपकाउंट' नावाची आज्ञा लागते. एखाद्या द्विमान संख्येत १ हा अंक किती वेळा आला, ते ही आज्ञा एका फटक्यात मोजते. उदाहरणार्थ, १०११ मध्ये तो तीनदा आला आहे. २००८ पूर्वीच्या 'कोअर टू ड्युओ' जातीच्या प्रोसेसरांत ही आज्ञा कोरलेलीच नाही. त्यामुळे त्यांवर ही आवृत्ती सुरूच होत नाही, आणि कोणतीही युक्ती तिथे चालत नाही.

ही झाली मर्यादा. पाचव्या, सहाव्या, सातव्या पिढीच्या लॅपटॉपपुढे उभी आहे ती अट. मर्यादा निसर्गनियमांतून किंवा यंत्राच्या घडणीतून येते. अट कोणीतरी घालतो, आणि घालणाऱ्याला तिचे कारण विचारता येते. शास्त्र शिकवणाऱ्याने या दोहोंची गल्लत होऊ देऊ नये. यादी ज्या पद्धतीने आपल्यासमोर येते, त्यात नेमकी हीच गल्लत आहे. पडद्यावर लिहून येते की हा संगणक किमान गरजा पूर्ण करत नाही. वाचणाऱ्याचा समज होतो की यंत्रच निकामी झाले.

बगल देण्याच्या युक्तीचे परीक्षण

अट असल्यामुळेच तिला बगल देता येते. 'रुफस' या मोफत प्रोग्रामने विंडोज ११ चा पेन ड्राइव्ह तयार करताना टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅमची तपासणी वगळता येते. विंडोजच्या नोंदवहीत एक नोंद बदलून विंडोज १० वरून थेट वर चढण्याचीही एक रीत आहे. गंमत म्हणजे ही नोंद कशी बदलावी, हे मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर दिलेले होते. २०२५ च्या सुरुवातीला ते काढून टाकण्यात आले.

युक्ती चालते, यात शंका नाही. तरीही शाळेच्या लॅपटॉपसाठी आम्ही तिची शिफारस करत नाही. आमची कारणे अशी.

पहिले कारण म्हणजे हमी नाही. अशा यंत्राला सुधारणा मिळण्याचा हक्क राहणार नाही, असे कंपनी आधीच बजावते. महिन्याच्या दुरुस्त्या सहसा येत राहतात, पण उद्या थांबल्या तर दाद मागायला जागा नाही. वर्षाकाठची मोठी आवृत्ती आपोआप येईल याची खात्री नाही, आणि तेव्हा सारी खटपट पुन्हा करावी लागते.

दुसरे कारण शाळेच्या परिस्थितीतले. पाड्यावरच्या शाळेत संगणकाचे जाणणारे शिक्षक एखादेच असतात, आणि जिल्हा परिषदेच्या नोकरीत बदली ठरलेली. गुरुजींनी युक्तीने चढवलेली प्रणाली पुढच्या वर्षी अडली, तर नव्याने आलेल्या बाई काय करणार? दुरुस्तीसाठी डहाणू रोड किंवा वापी गाठायचे, तर शाळेचा एक दिवस आणि वर भाडे.

तिसरे, आधार परत मिळवण्यासाठी चढवलेली प्रणाली ४ जीबी रॅम आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर कूर्मगतीने चालते. शिवाय विंडोज ११ ची 'होम' आवृत्ती बसवताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. ज्या गावात एका टेकाडावर उभे राहिले तरच मोबाइलला रेंज मिळते, तिथे ही मागणी भारी पडते.

चौथे कारण सर्वांत गंभीर आहे. खटपट टाळण्यासाठी पुष्कळ जण दुकानातून कुणीतरी 'तयार करून दिलेली' विंडोज पेन ड्राइव्हवर घेतात. तिच्यात काय काढले आणि काय घातले, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. भोके बुजवण्यासाठी घेतलेल्या प्रणालीबरोबर चोरच घरात यायचा.

आणखी एक अधिकृत वाट आहे, तीही तपासून पाहू. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा दुरुस्त्या देण्याची योजना कंपनीने जाहीर केली. घरगुती ग्राहकांसाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठरवली गेली. शिक्षणसंस्थांसाठी दर यंत्रामागे पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलर असा दर ठेवला गेला. दर खरोखर माफक आहे. पण तो संस्थेने घाऊक परवाना घेण्याच्या पद्धतीशी जोडलेला आहे, आणि दोनशिक्षकी शाळा तो घेणार कुठून? जिल्हा परिषदेने किंवा आदिवासी विकास प्रकल्पाने सर्व शाळा-आश्रमशाळांसाठी एकत्र घेतला, तर मात्र ही वाट उपयोगी पडेल. एकट्या शिक्षकाला ती बंदच आहे.

तिसरा मार्ग आणि त्याच्या अडचणी

लिनक्सवर आधारलेल्या कार्यप्रणाली मुक्त आहेत. कोणीही त्या विनामूल्य घ्याव्यात, बदलाव्यात, दुसऱ्याला द्याव्यात. 'लिनक्स मिंट' ही त्यांतली एक सोपी प्रणाली. तिच्या २२ या आवृत्तीला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास बरे. तिचा आधार २०२९ पर्यंत आहे. आपल्याकडे सी-डॅकने 'बॉस' ही भारतीय भाषांसाठीची लिनक्स प्रणाली तयार केली आहे, आणि शाळांसाठी तिची 'एज्युबॉस' ही आवृत्ती काढली. केरळमधील शासकीय शाळांचे संगणक शिक्षण गेली कित्येक वर्षे लिनक्सवरच चालते. तेव्हा हा चार हौशी लोकांचा खेळ राहिलेला नाही.

मराठीचे काय? शासनमान्य इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच, आणि अक्षरांच्या जागा विंडोजमधल्यासारख्याच असतात. लेखन, तक्ते आणि सादरीकरणासाठी 'लिबरऑफिस' आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे पाठ मराठीतून ऐकता येतात. विज्ञानासाठी 'स्टेलेरियम'मध्ये आकाशदर्शन करता येते. कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' प्रयोग मराठीतही आहेत आणि ते उतरवून इंटरनेटशिवाय चालवता येतात. 'किविक्स'मुळे सारा मराठी विकिपीडिया पेन ड्राइव्हवर मावतो. ज्या शाळेत मुलांच्या घरची बोली वारली आहे, तिथे आजीच्या तोंडच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून पहिलीच्या वर्गाला ऐकवायच्या, तर एवढे जुने यंत्र पुरून उरते.

आता अडचणी. पहिली अडचण विकत घेतलेल्या ई-लर्निंग संचांची. त्यांतले पुष्कळसे फक्त विंडोजवर चालतात. शाळेने असा संच घेतला असेल, तर लिनक्सवर जाण्याआधी दहा वेळा विचार करावा. दुसरी जुन्या फाइलींची. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या प्रश्नपत्रिका तशा उघडल्या तर अगम्य अक्षरे दिसतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. तिसरी अडचण, काही प्रिंटर आणि वाय-फायच्या चिपा लिनक्सशी फटकून वागतात. आणि लिनक्सलाही काळाची मर्यादा आहेच. डेबियन या प्रसिद्ध लिनक्स प्रणालीने ऑगस्ट २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. फरक एवढाच, की मुदत संपल्यावर पुढची आवृत्ती विनामूल्य मिळते आणि २०१५ च्या लॅपटॉपला ती यादी दाखवून दारातून परत पाठवत नाही.

सुदैवाने यातल्या बऱ्याच अडचणी आधीच कळू शकतात. लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. डिस्कवरच्या विंडोजला तोवर धक्का लागत नाही. तेव्हा आधी आवाज, प्रोजेक्टर, वाय-फाय, प्रिंटर आणि मराठी टंकलेखन या पाच गोष्टी तपासाव्यात. पाचही जमल्या, आणि सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून झाली, तरच ती यंत्रात कायमची बसवावी. शक्य असेल तर फिरती हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी घालावी. यंत्राचा वेग प्रणाली बदलण्यापेक्षाही या एका बदलाने अधिक वाढतो.

मुलांना यात सामील करून घ्यावे. बटण दाबल्यापासून लेखनाचे पान उघडेपर्यंत किती सेकंद लागतात, ते त्यांनी घड्याळावर मोजावे. जुन्या प्रणालीवर पाच वेळा, पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवर पाच वेळा, आणि ती यंत्रात बसवल्यावर पुन्हा पाच वेळा. सरासरी काढावी, तक्ता भिंतीवर लावावा. पेन ड्राइव्हवर वेळ जास्त का लागला, याचे उत्तर मुलांनीच शोधावे.

निर्णय कुणाचा?

डहाणू तालुक्याला शिक्षणसाहित्याचा एक मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. बिया, शंख-शिंपले, पाने, माती यांपासून त्यांनी बालवाडीचे साहित्य घडवले. गरिबी हे त्याचे एक कारण होतेच. पण या साहित्याचा दुसरा गुण आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. ते मोडले तर शिक्षिकेला दुरुस्त करता येई, संपले तर आसपासून पुन्हा गोळा करता येई, आणि कधी टाकून द्यायचे हे तिचे तीच ठरवी. लॅपटॉप काही चिंचोक्यांसारखा अंगणात मिळत नाही. तरीही तो किती दिवस उपयोगाचा आहे, हे तो वापरणाऱ्याने ठरवावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

शाळेतली वस्तू बाद करण्याची आपली एक रीत आहे. जडवस्तू नोंदवहीत तिची नोंद असते, आणि निर्लेखनाच्या प्रस्तावात कारण लिहावे लागते. बॅटरी फुगली आहे आणि दुसरी मिळत नाही, मदरबोर्ड जळला आहे, समुद्राच्या खाऱ्या हवेने आतले जोड गंजले आहेत, ही कारणे खरी आहेत. अशी वस्तू भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा रोख तोच आहे. जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाला, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. विंडोज १० च्या आधाराअभावी आणखी सुमारे २४ कोटी संगणक या ढिगात पडू शकतील, असा 'कॅनालिस' या संस्थेचा २०२३ मधला अंदाज होता.

आपल्या शाळेचा लॅपटॉप त्यांत असावा की नसावा, हे यंत्र तपासून ठरवावे. निर्लेखनाच्या प्रस्तावात 'यादीत नाही' एवढेच कारण लिहिलेले दिसले, तर मुख्याध्यापकांनी तो सहीशिवाय परत करावा आणि आधी पेन ड्राइव्ह लावून पाहायला सांगावे.